पऱ्हाटीची न्हाणी

माझ्या भावजयीला गरिबी फार आवडते. स्वतःची नव्हे, दुसऱ्याची, आणि तीही होऊन गेलेली. आकांक्षा अमरावतीत लोकांची घरं सजवून देते. कुणाच्या मोडक्या बंडीचं चाक आणून हॉलच्या भिंतीला लावते, कुणाच्या आजीच्या जात्यावर काच ठेवून त्याचा टीपॉय करते, आणि लोक त्याचे पैसे मोजून वर तिचे आभार मानतात. माझा भाऊ किशोर तिच्यावर बेहद्द खूश असतो. त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे आपल्याला मातीची ओढ आहे असं त्याला मनापासून वाटतं.

मोर्शीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात या दोघांनी घर बांधायला काढलं. पुढचा भाग त्यांच्या सुट्टीच्या दिवसांसाठी आणि पाहुण्यांसाठी, मागच्या दोन खोल्या आईसाठी आणि मोठ्या बाबांसाठी. मोठे बाबा म्हणजे केशवराव, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील, भगवंतराव, जाऊन बरीच वर्षं झाली. मोठ्या बाबांची बायको पार्बताबाई वडिलांच्याही आधी गेली होती, मूलबाळ नव्हतं. गावातलं घर विकलं, तेव्हा हे दोन म्हातारे जीव एकाच छपराखाली राहणार हे कुणी न ठरवताच ठरलं.

आईनं एकच गोष्ट मागितली. ती कधी काही मागत नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. पायाभरणीच्या दिवशी नारळ फुटल्यावर ती किशोरला म्हणाली, "बापू, बाथरूमले पांढऱ्या टाइल्स लावजो. आन् दाराले आतून कडी."

आकांक्षाला हसू आलं. पांढऱ्या टाइल्स म्हणजे दवाखाना, आई, असं ती लाडानं म्हणाली. तिच्या डोक्यात केव्हाच वेगळं शिजत होतं. गावातल्या घरामागे पूर्वी बायकांची न्हाणी होती, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा कूड घातलेली, वर आभाळ. किशोरकडून तिनं हे ऐकलं होतं आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती. तश्शी न्हाणी करायची, अगदी तश्शी, फक्त काड्यांना वाळवी लागू नये म्हणून पॉलिश आणि पाणी यायला तांब्याचा नळ. घरातलं हे एकच न्हाणीघर मागच्या अंगणात असणार होतं. पाहुणे तेच वापरणार, आईही तेच वापरणार, आणि त्याच्या फोटोंवर आकांक्षाला पुढची चार कामं मिळणार. आईला तिनं सांगितलं की हे तुमच्यासाठीच करतेय, तुमचे जुने दिवस परत येतील. जुने दिवस परत यावेत असं आई कधी म्हणाली होती, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

अडचण एवढीच होती की ती न्हाणी आता कुणाला नीट आठवत नव्हती. आम्ही भावंडं लहान असतानाच तिथे विटांच्या भिंती आल्या होत्या. फोटो असायचा प्रश्नच नव्हता. न्हाणीचा फोटो कोण काढतो? आकांक्षानं आईला विचारलं. आई म्हणाली, मले नाई आठवत, आणि उठून आत गेली. वयानं विसरतात बिचाऱ्या, असं आकांक्षानं मला हळूच सांगितलं. ज्या बाईला माझ्या बारशाला कोण कोण आलं होतं आणि कुणी काय दिलं हे आजही पाठ आहे, ती जन्मभर ज्या दगडावर बसून न्हाली तो विसरली म्हणे.

मग आकांक्षानं मोठ्या बाबांना विचारलं.

इथे मला एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरे. आमच्याकडे जुन्या बायका भासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घेत, त्यांच्याशी बोलत नसत, त्यांच्या खाटेवर बसत नसत. आई लग्न झाल्यापासून मोठ्या बाबांशी एक शब्दही बोललेली नव्हती. काही सांगायचं असेल तर आमच्यामार्फत. मोठे बाबाही रीतीला पक्के. अंगणात पाय ठेवण्याआधी ते मोठ्यांदा खाकरायचे, म्हणजे आत भावजयीला पदर सावरायला वेळ मिळावा. गावात लोक त्यांच्या त्या खाकरण्याचे दाखले द्यायचे. ते सरपंच होते, नवरा-बायकोची भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटायची, आणि घरोघर सांगितलं जायचं की केशवरावांनी भावजयीच्या तोंडाकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. लहानपणी मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याहून आले होते. अकोल्याच्या शाळेत मी शिकवते. पुढच्या भागाचा नुसता सांगाडा उभा होता, मागच्या खोल्यांत आई आणि मोठे बाबा राहायला आले होते; अर्ध्या झालेल्या ओसरीत मोठे बाबा खाटेवर बसले होते. आकांक्षा त्यांच्या पायाशी मोबाइल धरून, आवाज भरून घेत. किशोर उभा. आई दाराच्या आत, पाठ करून, सुपात गहू पाखडत बसली होती.

आपल्याला कुणी काही विचारतंय याचा म्हाताऱ्याला आनंद झाला होता. आजकाल त्यांना कुणी काही विचारत नसे. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. काळा दगड होता, जरासा कलता. पाणी धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांकडे जायचं. डाव्या हाताला पाणी भरलेला तांब्याचा गुंड, त्यावर पितळी लोटा. कोनाड्यात शिकेकाई. दाराला तरटाचा पडदा, तो खालून हातभर आखूड. कुडाला खुंटी, तिच्यावर लुगडं टाकायचं. आकांक्षा पुन्हा पुन्हा म्हणत होती, किती डिटेल, मोठे बाबा, किती डिटेल.

"आन् पूर्वेच्या कुडाले एक फट होती," मोठे बाबा म्हणाले. "खुटीच्या खाली. दोन बोटाएवढी. सकायच्या उनाची तिरीप येये त्यातून. थेट पाठीवर पडे."

आकांक्षानं किशोरकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाठीवर पडणारी उन्हाची तिरीप, यापेक्षा सुंदर तिनं वर्षात काही ऐकलं नसावं. ही फट आपण ठेवायचीच, ती म्हणाली, सगळं डिझाइन या एका तिरिपेभोवती करू.

आत सुपाचा आवाज थांबला होता.

मला कळायला तेवढाच वेळ लागला जेवढा तुम्हाला लागला असेल. आमच्या घरचे पुरुष विहिरीवर न्हायचे. सगळे. उघड्यावर, लंगोटावर, बादल्या ओतून. ती न्हाणी बायकांची होती. किशोर जरा कळता झाल्यावर चेंडू शोधत तिकडे गेला, तर आजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. पुरुषाचा पाय त्या कुडाच्या आत कधी पडला नाही. तर मग पाठ कुणाची? आणि ऊन पाठीवर पडतं हे पूर्वेच्या कुडापलीकडे उभं राहिल्याशिवाय दिसतं कुणाला?

मी आईकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता. सूप मांडीवर तसंच होतं, आणि त्यातल्या गव्हांत तिची बोटं मुळापर्यंत रुतली होती.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. तिनंच सांगितलं, चुलीकडे तोंड करून, जशी उद्याची भाजी सांगावी तशी.

"मी नवी होती. थंडीचे दिवस, पाठीवर ऊन लागे, बरं वाटे. एक दिवस ऊन गेलं. मले वाटलं, ढग आला. वर पायलं तं आभाय कोरं."

तिनं जाऊबाईला सांगितलं होतं. शेणमाती कालवून पार्बताबाईंनी फट लिंपली. ओली असतानाच बाहेरून बोट घालून ती पुन्हा मोकळी झाली. पुन्हा लिंपली, पुन्हा मोकळी. कंटाळून मग जाऊबाई म्हणाल्या, आशा, तू अंधारातच न्हात जा, ऊनच नसलं तर काय दिसणार. आई पहाटे चारला उठून न्हाते याचं आम्ही जन्मभर कौतुक केलं. नातेवाइकांत सांगायचो, आमची आई काकडआरतीआधी न्हाऊन मोकळी. बाबांना तिनं एकदाच सांगून पाहिलं होतं. दादा तुझ्याकडे मान वर करून पाहत नाही आणि तू असलं बोलतेस, असं म्हणून बाबा कित्येक दिवस तिच्या हातचं जेवले नाहीत.

"थे खरंच होतं," आई म्हणाली. "तोंडाकडे कदीच नाई पायलं."

मला रडू आलं नाही, संताप आला. मोठ्या बाबांच्या त्या पांढऱ्या धोतराचा, त्या खाकरण्याचा, ओट्यावरच्या त्या न्यायनिवाड्यांचा. अंगणात येताना जो माणूस दहा घरांना ऐकू जाईल असा खाकरायचा, तो कुडामागे कधी खाकरला नाही. मी आईला म्हटलं, चल माझ्यासोबत अकोल्याला. ती म्हणाली, लेकीच्या घरी किती दिवस? आधी न्हाणी तर होऊ दे.

किशोरला मी बगीच्यात नेऊन सांगितलं. तो बराच वेळ एका झाडाची पानं उलटी करून रोग पाहत राहिला. मग म्हणाला, "ताई, पन्नास वर्षं झाली असतीन. आता काय त्या म्हाताऱ्याले चौकात उभा करू?" चौकात नको, मी म्हटलं, फक्त आईला पांढऱ्या टाइल्स आणि कडी दे. तो म्हणाला, आकांक्षाला विचारतो.

आकांक्षा ऐकून पांढरीफटक पडली, हे मी मान्य करते. तिनं आईचा हात हातात घेतला, तोंडातून शब्द फुटेना. पण संध्याकाळपर्यंत फुटला. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, फट काढली तर सगळा प्रकाशच जातो ना ताई, मग त्या न्हाणीत राहतं काय. तिनं तोडगा काढला होता. "फोटो झाले की बुजवून टाकू."

न्हाणी झाली. मी खोटं कशाला बोलू, सुंदर झाली. काळा दगड, जरासा कलता. धोप्याची पानं. डाव्या हाताला गुंड, खुंटीवर इरकली लुगडं, दाराला तरटाचा पडदा, खालून हातभर आखूड. पूर्वेच्या कुडाला दोन बोटांची फट, कडा घासून गुळगुळीत केलेली. फोटोंत ती तिरीप अशी काही आली की लोक पुण्याहून फोन करून विचारू लागले. फोटोखाली आकांक्षानं लिहिलं होतं, माझ्या सासूबाईंच्या आठवणीतून.

फट कुणी बुजवली नाही. आई त्या न्हाणीत एकदाही गेली नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून, त्याला आतून पाटा टेकवून ती भांड्यांच्या मोरीत न्हायची, पहाटे चारला. भांड्यांच्या मोरीत न्हाणं बरं नाही, पाहुण्यांना काय वाटेल, असं किशोरनं तिला दोनदा समजावलं.

मग पुढच्या पावसाळ्यात मोठ्या बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द जाड यायला लागले. बगीच्यात कामाला असलेला श्रावण त्यांना उचलायला-बसवायला ठेवला. डॉक्टर म्हणाले, खोलीला लागून न्हाणीघर हवं, भुई घसरडी नको, धरायला दांडे हवेत. आणि जे आईनं मागूनही झालं नव्हतं ते गणपती बसायच्या आत झालं. मोठ्या बाबांच्या खोलीला लागून किशोरनं न्हाणीघर बांधलं. गरम पाण्याचा गीझर, स्टीलचे दांडे, जाड लाकडी दार, आतून कडी. आणि छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स. हे दाखवायला त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. आई दारात उभी राहून पाहत होती. तिनं हात लांबवून एका टाइलवरून फिरवला आणि लगेच मागे घेतला. त्या क्षणी मला माझा भाऊ नकोसा झाला, आणि तो अजून पूर्ण हवासा झालेला नाही.

ज्या दिवशी श्रावण मोठ्या बाबांना त्या न्हाणीघरात नेणार, त्या दिवशी सकाळी आई दारात पाट टाकून बसली. उठेना. तिनं जे सांगितलं ते सरळ होतं. म्हाताऱ्याला भरवायला, पथ्याचं करायला, औषधं द्यायला ती आहे. ती अकोल्याला गेली तर हे सगळं आकांक्षाला करावं लागेल. ती राहायला तयार होती.

"पन या न्हानीत मी आंघोय करीन," आई म्हणाली. "त्यायले तुमची थे गावरान न्हानी द्या. त्यायच्याच आठवनीतून झाली."

किशोरनं दगडाचं कारण सांगितलं, थंडीचं सांगितलं, वरून उघडी असल्याचं सांगितलं. आई म्हणाली, खुर्ची टाका, श्रावण धरतो. आकांक्षा घाईघाईनं म्हणाली की मग आता ती फट तरी बुजवते, वारा येईल. तिच्या मनातलं तिलाच माहीत, पण तेव्हा मला तिची दया आली. आई तिच्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "राहू दे माय. सारं डिझाइन तिच्यावर हाय मने."

आईचं ऐकलं गेलं. तिच्या मागण्यामुळे नाही; आकांक्षाला म्हाताऱ्याचं करायचं नव्हतं म्हणून.

संक्रांतीला मी गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. घरात आई दिसेना. पांढऱ्या न्हाणीघराचं दार बंद होतं, आतून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मग कडी खाडकन निघाली आणि आई बाहेर आली, केस मोकळे, अंगातून वाफ निघत असलेली. इतक्या उशिरा, लख्ख उजेडात न्हालेली आई मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ती तरुण दिसत होती असं म्हणणार नाही. ती पोटभर जेवल्यासारखी दिसत होती.

मी तिळगूळ द्यायला हात पुढे केला. थांब, म्हणाली, त्यांच्या आंघोळीची वेळ झाली. तिनं सूप घेतलं, सुपात गहू घेतले आणि मागच्या अंगणात गेली. पूर्वेच्या कुडाजवळ तिचं बसायचं ठरलेलं असावं, तिथली माती चोपून गुळगुळीत झाली होती. मला आधी वाटलं उन्हाला बसली.

श्रावणनं आतून गरम पाण्याची बादली मागितली. मी ती घेऊन तरटाच्या पडद्याशी गेले आणि पडदा बाजूला सारला. काळ्या दगडावर प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत मोठे बाबा, उघडे, माझ्याकडे पाठ. वाळलेली, मणके मोजता येतील अशी पाठ. तिच्यावर उन्हाची तिरीप पडली होती, फोटोत होती तितकीच सुंदर. श्रावण साबण लावत होता.

सुपाचा आवाज थांबला. पाठीवरचं ऊन गेलं.

मी वर पाहिलं. आभाळ कोरं होतं.

मोठ्या बाबांची मान ताठ झाली. मला समजलं की हे आज पहिल्यांदा होत नव्हतं, कारण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, कुडाकडेही पाहिलं नाही. त्यांचा चालणारा डावा हात खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पंचा शोधू लागला. पंचा श्रावणनं आधीच लांब, खुंटीवर नेऊन टाकला होता. त्याला तसं कुणी सांगितलं होतं ते मला विचारावं लागलं नाही. मोठ्या बाबांनी खाकरायचा प्रयत्न केला. वाकड्या तोंडातून नुसती लाळ आली. मग ते जड जिभेनं म्हणाले, "कोन... कोन हाय तिकडे?"

श्रावण बादलीत पाहत राहिला. मला वाटलं, आता आई उठेल, पदर सावरेल, निघून जाईल. इतकी वर्षं ती या माणसाशी बोलली नव्हती. त्याला हाक मारायला तिच्याकडे शब्दसुद्धा नव्हता, कधी लागलाच नव्हता. मोठे बाबा कापायला लागले होते. डाव्या हातानं ते जमेल तेवढं झाकत होते. मी पडदा सोडून पुढे होऊन पंचा द्यायला हवा होता. मी दिला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कुडापलीकडून आईचा आवाज आला, शांत, घरातल्या कुणाशी बोलावं तसा.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी काई तुमच्या तोंडाकडे पायून नाई राहिली."